पडदामुक्त गोटी

२ मार्च, सकाळी

आजपासून घरात स्क्रीन बंद. गोटीसमोर मोबाइल नाही, टीव्ही नाही, आणि या बाबतीत कुणाचंही काही ऐकून घेणार नाही. गोटी म्हणजे दादाची मुलगी. अडीच वर्षांची, गोल आणि गप्प. या वयाची मुलं शब्दाला शब्द जोडून बोलतात. ही 'दे' आणि 'नको' एवढ्यावर सगळा कारभार चालवते. डॉक्टरबाईंनी वहिनीला सांगितलंय, कार्टून बंद करा, तिच्याशी बोला, महिनाअखेरीस परत आणा.

वहिनी कारखान्यात शर्टांना काजं करते. दिवसभर घराबाहेर. तेव्हा गोटी माझ्याकडे. महिन्याभरात फरक पडला नाही तर पाळणाघरात घालीन, असं वहिनी म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, म्हणजे नक्की ठरवलंय.

ती वेळ येणार नाही. या घरातली पहिली पदवीधर मी. विषय बालविकास. निकाल लागल्यापासून पदवी कपाटात आहे. आज तिला काम मिळालं.

२ मार्च, दुपारी

नियम जाहीर केले. आईनं विचारलं, मग हिला भरवायचं कसं? म्हटलं, गप्पा मारत. आई म्हणाली, मार.

मारल्या. एकटीनंच. दोन घास गेले, पैकी एक माझ्या ओढणीवर. सवय सुटताना मुलं विरोध करतात, हे पुस्तकात आहे. ओढणीचं पुस्तकात नाही.

बाबा बातम्या बघायला मोबाइल घेऊन बाथरूममध्ये शिरले. नियम तिथंही लागू आहे, असं दाराबाहेरून स्पष्ट केलं. त्यांनी नळ सोडला.

४ मार्च

आई फितूर. गोटीला कडेवर घेऊन शेजारच्या काकूंकडे मालिका बघताना सापडली. म्हणे, पोरीची पाठ होती टीव्हीकडे. म्हटलं, कान कुठं होते? यावर आईनं काकूंकडे बघितलं, काकूंनी छताकडे. शिकलेल्या माणसाला घरात एकटं पडावं लागतंच. माझी तयारी आहे.

७ मार्च

यश! वहिनी कारखान्यातून दोऱ्याचे रिकामे कोन आणते, ते गोटीपुढे ठेवले. तिनं एकावर एक चढवले, मनोरा केला आणि टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुरावा हवा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला. 'पडदामुक्त गोटी' नावानं पेज उघडून टाकला. एका अनोळखी आईनं लिहिलं, ताई, तुम्ही हे कसं केलंत?

ताई! बाबा मला 'मॅडम' म्हणतात, पण ते चिडवायला.

दादानं विचारलं, मग हा मोबाइल नाही का? त्याला समजावलं, गोटी मोबाइलकडे बघत नाही, मोबाइल गोटीकडे बघतो. दोन्ही फार वेगळं. तो हसत हसत व्हॅन घेऊन कामावर गेला. मुद्दा संपला की माणसं हसतात.

१२ मार्च

रोज एक व्हिडिओ. खिडकीशी उजेड चांगला येतो म्हणून खेळ तिथं हलवला. आज मनोरा छान झाला, पण मध्ये आईचा हात आला. पुन्हा करून घेतला. मग गोटीचे केस डोळ्यांवर होते. पुन्हा. सरावानं मुलांची चिकाटी वाढते.

एका आईनं विचारलंय, मुलाशी दिवसभरात किती बोलावं? सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. गोटी तेवढ्यात माझा कुर्ता ओढत होती. तिला म्हटलं, थांब, महत्त्वाचं लिहितेय. उत्तराला भरपूर लाइक्स आले. दूध गार झालं, पण गार दुधानं कुणाचा विकास थांबल्याचं ऐकिवात नाही.

१६ मार्च

वहिनीची सुट्टी. तिनं गोटीपुढे कोन ठेवले, गोटीनं हात लावला नाही. नुसती बसून राहिली. मी म्हटलं, लाजते गं. वहिनी म्हणाली, आईला?

वहिनी दमलेली असते. दमलेल्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

२० मार्च

जे मला हसले त्यांनी वाचावं (वाचणार नाहीत, कारण ही वही माझी आहे): गोटी तीन नवीन शब्द बोलली! 'चालू', 'संपलं' आणि 'परत'. तेही अगदी योग्य जागी. वहिनीला सांगितलं तर तिनं हातातली पिशवी खाली टाकून गोटीला उचललं. किती वेळ सोडलीच नाही. मग विचारलं, हेच शब्द कुठून शिकली गं ही? म्हटलं, भाषा मुलं आसपासच्या वातावरणातून उचलतात.

डॉक्टरबाईंची भेट अठ्ठावीसला. मी शांत आहे. व्हिडिओ तारखेवार लावून ठेवलेत, गरज पडली तर दाखवीन.

२८ मार्च, दुपारी

घडलं तसं लिहिते.

डॉक्टरबाईंनी गोटीपुढे लाकडी ठोकळे ठेवले आणि मनोरा करायला सांगितलं. गोटीनं केस नीट केले. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी एक ठोकळा तिच्या हातात दिला. तिनं तो परत खाली ठेवला. वहिनी खुर्चीच्या कडेवर आली होती. मी डोळ्यांनी गोटीला खुणावलं. तेव्हा ती स्वच्छ म्हणाली,

"आत्या, मोबाइल धर."

बाईंनी विचारलं, स्क्रीन किती बघते? मी सांगितलं, शून्य. त्यांनी विचारलं, आणि तुमच्या हातात मोबाइल किती वेळ असतो? मी म्हटलं, ते संशोधन आहे. त्या म्हणाल्या, बरं, धरा बघू. धरला. गोटीनं 'चालू' म्हणून झरझर मनोरा केला, कॅमेऱ्याकडे बघून टाळ्या पिटल्या, 'संपलं' म्हणाली आणि हात परत मांडीवर. बाईंनी कागदावर बराच वेळ लिहिलं. वहिनी वाकून ठोकळे डब्यात भरत बसली. एकेक.

आता माझं म्हणणं. महिन्यापूर्वी 'दे' आणि 'नको' म्हणणारी मुलगी आज परक्या माणसासमोर अख्खं वाक्य बोलली. तेही व्याकरणशुद्ध. याबद्दल एकानंही माझं अभिनंदन केलं नाही.

२८ मार्च, संध्याकाळी

वहिनी येताना पाळणाघरात नाव घालून आली. मी विरोध केला, आकडेवारी दिली, तिथं शिकवायला कोण आहे ते विचारलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, भरपूर शिकली ती. आता जरा खेळू दे."

बाबा आज 'मॅडम' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

पाळणाघरात सोडायला मीच गेले. हट्टानं. मी काही चूक केलेली नाही, तोंड लपवायचं कारण नाही. दारात पोचतो न पोचतो तोच गोटी आत पळाली. एक मुलगी बादलीत वाळू भरत होती, तिच्याशेजारी जाऊन बसली.

पहिल्या दिवसाची नोंद असावी, एवढ्यासाठीच मोबाइल काढला. गोटीला तो तिथूनही दिसला. हातातली वाळू टाकून ती परत आली, पायरीवर उभी राहिली, केस मागे सारले. वाट बघत. मागून ती बादलीवाली हाका मारत होती.

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. कुणी सांगितलं म्हणून नाही. चेनही लावली. गोटी थोडा वेळ माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली, मग आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. नातं भक्कम असलं की मूल मागे वळून बघत नाही. तिसऱ्या सेमिस्टरला होतं.

दुपारी पेजवर एका आईनं विचारलं, ताई, आज व्हिडिओ नाही? गोटी काय करतेय?

सविस्तर उत्तर लिहिलं, पुसलं. मग लिहिलं, खेळतेय.