जुन्या पत्त्यावरची पानं

बाबा,

तुमची वेबसाइट मी हलवली. ती जिथे ठेवली होती त्या कंपनीने जुनी सेवा बंद करत असल्याचं कळवलं, म्हणून सगळी पानं एका ब्लॉगवर नेली. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर धरमपेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात, आईच्या मिक्सरशेजारी कॉम्प्युटर मांडून, तुम्ही ती एकेक पान हाताने लिहिली होती. संत्र्याचा बहार, फळगळ, डिंक्या रोग. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "रिटायर झालेला माणूस घरी बसते, हे तं माह्या ओट्यावरच येऊन बसले."

मी कॉलेजात असताना एकदा तुमच्या फायली आवरल्या. डिंक्याच्या पानाच्या फाईलचं नाव मला गबाळं वाटलं, ते बदललं, तसा पानाचा पत्ताही बदलला. चार दिवसांनी काटोलहून एका बागायतदाराचा फोन आला. पान उघडत नाही, आणि इकडे झाडाच्या खोडातून डिंक वाहून राहिला, काय करू? तुम्ही आवाज चढवला नाही. "त्याच्यापाशी जुना पत्ता आहे. तू पाटी बदलली, त्याले कोण सांगन वं?" एवढंच म्हणालात आणि फोन माझ्या हातात दिलात. मी उभ्याने त्याला ते अख्खं पान वाचून दाखवलं. तो मधे मधे थांबवून लिहून घेत होता.

आणि तरी या वेळी मी तेच केलं. घाईत सगळे जुने पत्ते ब्लॉगच्या पहिल्या पानाकडे वळवले. डिंक्याचा उपाय शोधत आलेला माणूस तिथे येऊन पोचायचा, त्याला हवं ते दिसायचं नाही, तो परत जायचा. महिन्याभरात वाचक निम्म्याहून कमी झाले. शोधलं तरी तुमची पानं वर येईनात. मग मी यादी करायला बसले. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच पानाचा नवा पत्ता, आणि एकेकाला कायमचं वळण लावलं. मथळे तुमचेच ठेवले, मजकुराला हात लावला नाही. ऑफिसहून आले की रोज हेच, तीन आठवडे. आता माणसं हळूहळू परत येऊन राहिली आहेत, बाबा.

हे करताना तुमची पानं मी पहिल्यांदा नीट वाचली. फाईल उघडली की मजकुराच्या मधे तुम्ही स्वतःसाठी लिहिलेल्या ओळी दिसतात. वाचकाला त्या दिसत नाहीत. 'इथं फोटो पाहिजे.' 'हे पुन्हा तपासणे.' कलमं बांधण्याचं पान तुमचं शेवटचं, गेलात त्याच्या आदल्या वर्षीचं. त्यात आहे, 'फोटो मजकुरावर चढून राहिला. पोरगी आली की विचारणे.' आणि खाली, 'दिवाळीत विचारलं. तिले काम आहे म्हणे. पुन्हा आली की विचारणे.' ब्लॉगवर अशा ओळी जात नाहीत, नुसता मजकूर जातो. फोटो मी दोन मिनिटांत जागेवर बसवला.

हे पत्र मी ब्लॉगवर टाकणार नाही. कुठेच टाकणार नाही. त्या दिवाळीत मला काही काम नव्हतं, बाबा. मी आतल्या खोलीत नुसती फोन बघत पडले होते.