गेटवरची ढिलाई

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून मनातल्या मनात). तुझी बीपीची गोळी चालू आहे ना, की बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद केलीस?

इकडे सगळं ठीक. म्हणजे नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करतात. मागे चौथ्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, ते तुला फोनवर कळलंच. असं का झालं, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं (भोपळ्यासारखं आलं होतं, पण मी बोलले नाही). म्हणाल्या, मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. परक्याला हुसकून लावणाऱ्या पेशींना ते कळतंही, तरी तिथे त्या हात आवरतात. त्यांच्यातल्या काहीजणी तर बाळाला रक्त पोचावं म्हणून वाटा रुंद करून देतात. क्वचित हे जमत नाही. बस्स, पुढचं मी ऐकलंच नाही.

अगं, मी कोण? अकरा वर्षं औषधांच्या कारखान्याच्या गेटवर बसलेली बाई! पास नव्हता म्हणून मालकाच्या जावयाला पाऊण तास उन्हात उभं केलंय (आमचे हे डबा द्यायला आले तर त्यांचीही वहीत सही घेते). अशा खडूस बाईच्या पेशी तरी कुणाला आत राहू देणार?

म्हणून सुधारायचं ठरवलं. सोमवारपासून सगळ्यांना सोडायला लागले. कंगवेवाला गेला, विमावाला गेला, नुसतं बघायला आलेले दोघे गेले. प्रत्येकाला हसून "या" म्हणायचं आणि पोटावर हात ठेवायचा, म्हणजे आतल्यांनाही वळण लागेल. गुरुवारी पॅकिंग विभागात बकरी सापडली आणि मला मेमो मिळाला. साहेबांनी कारण विचारलं, तर मला रडूच कोसळलं. साहेब इतके घाबरले की बकरीची चौकशी तिथेच बंद झाली.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, स्वभावाचा आणि पेशींचा काही संबंध नाही. बहुतेकदा गर्भातच काही कमीजास्त असतं. तुमचं काही चुकलेलं नाही." मी हो म्हटलं. पटलं नाही. मावशी, अजून आंघोळीला गेले की रडते. नळ मोठा सोडते, आणि हे बाहेरून ओरडतात, पाणी किती वाया घालवतेस म्हणून.

असो. जिन्यावरून जपून उतर.

तुझी लाडकी (आणि एकुलती एक) भाची

ता. क. माझी काळजी करू नकोस. यायची तर मुळीच गरज नाही.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. मला परत दिवस गेलेत, सातवा आठवडा. यांनासुद्धा सांगितलेलं नाही, इतकी भीती वाटते. आई एकदा बोलून गेली होती, तुझ्या थोरल्याच्या आधी तुझंही एक गेलं होतं. तेव्हा तुला कुणी म्हटलं होतं का गं, की तुझं काही चुकलं नाही? नसेल, तर मी म्हणते. मावशी, तुझं काही चुकलं नव्हतं. आता तू ये, आणि हेच मला सांग. तुझं मी ऐकेन.