बोग आणि भग

६ ऑगस्ट १९९६
दुकानात युक्रेनच्या लारिसा मॅडम. पूर्वी कॉलेजात भाषा शिकवायच्या. आता दुबईच्या देरा बाजारातून आमचे स्वेटर नेऊन तिकडे विकतात. गठ्ठे बांधून झाल्यावर म्हणाल्या, 'स्लावा बोगु.' देवाची कृपा. अंगावर काटा आला. बोग म्हणजे आमचा भग, भगवानातला! शब्द आपल्याकडूनच गेला. गणपतीत मंडळात भाषण करायचं. सेक्रेटरी चंद्रहासांकडे अर्धा तास मागितला. म्हणाले, 'इन्शाल्ला.' म्हणजे नक्की झालं.

१३ ऑगस्ट
मॅडमनी खोक्यावर मूळ शब्द लिहून दिला. आधी एक चांदणी. शुभचिन्ह का, विचारलं. नाही म्हणाल्या, हा शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही, पणतवंडांची तोंडं पाहून पणजोबाचा चेहरा जुळवलाय. पहिला अर्थ वाटा, भाग्य. त्यातूनच रशियनमध्ये श्रीमंत, पोलिशमध्ये धान्य, चेकमध्ये दुकानातला माल. देव, धान्य, माल एका घरातले! गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या हात जोडले. जहूर ड्रायव्हर ओरडला, 'यल्ला चाचा, गाडी खडी है.'

१४ ऑगस्ट
बायकोला सगळं सांगितलं. मीनाक्षी म्हणाली, 'रशियन बायकांशी अख्खी दुबई बोलते. देवाबद्दल बोलणारे तुम्हीच पहिले.' संशय की कौतुक, कळलं नाही. कौतुक धरलं.

२७ ऑगस्ट
मॅडम म्हणाल्या, 'नो मदर. सिस्टर्स.' संस्कृत त्यांच्या भाषांची आई नव्हे, बहीण. काही विद्वानांच्या मते तर स्लावांनी हा शब्द इराणकडून उचलला. फ्लाइटची घाई होती, दमल्याही होत्या. पुढच्या फेरीत कबूल करतील.
घरी अंतराला सांगितलं. 'बट बाबा, शी इज द टीचर, नो?' कॉन्व्हेंटचा परिणाम.

८ सप्टेंबर
पूजेत मन लागेना. बाप्पासमोर उभं राहून चुकीचं कसं सांगणार? बहीण तर बहीण. त्यात कमीपणा कसला? भाषण नव्याने लिहिलं. चंद्रहास म्हणाले, फॅन्सी ड्रेसला मुलं वाढलीत, दहा मिनिटांत बसवा. बरंच झालं. थोडक्यात सांगितलेलं जास्त ठसतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
आरती लांबली. चंद्रहासांनी माईकवर ओळख करून दिली, 'आपल्या खोतभाऊंनी शोधून काढलंय, रशियन लोकांचा देवसुद्धा मूळचा आपलाच!' हॉल टाळ्यांनी दणाणला. मी माईक घेतला. 'नमस्कार. खरं म्हणजे तसं नाही...' तेवढ्यात मागून कुणीतरी हाक दिली, 'पानं वाढलीत, चला!'
हॉल रिकामा. बाप्पा आणि मी. त्यांना तेवढं सांगून टाकलं.
परत येताना टॅक्सीत मीनाक्षी म्हणाली, 'छान झालं हो भाषण. आटोपशीर.'