तपासल्याशिवाय बोललेलं

नाना, तुम्ही टीव्हीशी बोलायचात. बातम्या देणाऱ्या बाईला "हे कालच सांगितलं की" म्हणायचात, पंचाला चष्मा बदलायला सांगायचात, आणि हवामानाच्या नकाशात आपल्याकडं ढग दिसले की "इथं कुणी बघून गेलं का?" असं विचारायचात. तुमचं मत नाही अशी गोष्टच नव्हती. स्लिपमधल्या खेळाडूची नजर सासुरवाशिणीची पाहिजे. फ्रिजच्या पाण्यानं गुडघे धरतात. माणूस चंद्रावर गेला हे खरं, पण तिथं त्याला करमलं नसणार. चिकलठाण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलात की बूट काढता काढताच तुमचं सुरू व्हायचं. आई भाकरी थापत असायची. तुम्हाला विचारलं कुणी, असं ती म्हणायची, आणि लगेच काहीतरी विचारायची.

कॉलेजात गेल्यावर मी तुम्हाला दुरुस्त करायला लागले. गुडघ्यांचा आणि गार पाण्याचा संबंध नाही, हे मी पुस्तक उघडून दाखवलं होतं. "मास्तरीणबाई, आधी चहा टाका," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना पुन्हा तेच सांगितलंत. माझ्या दुरुस्त्यांनी तुमचं काही बिघडत नव्हतं. त्यामुळं कुणाचंच बिघडत नसेल, असं मी धरून चालले.

तुमच्यानंतर आई माझ्याकडं आली आणि मतंही तिच्याकडं आली. तुमच्याइतकी ठसठशीत नाहीत. बरीचशी फोनवरून येतात. टॉवरमुळं चिमण्या गेल्या, कलिंगडावर पाणी पिऊ नये, अमुक खेळाडूनं पैसे खाल्ले. मी दिवसभर कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करते. घरी येते तेव्हा डोळे दुखत असतात, तरी तिनं काही सांगितलं की मी फोन काढते, शोधते आणि तिला वाचून दाखवते. आवाज चढवत नाही. कदाचित तेच वाईट असेल. ती "बरं" म्हणते. हळूहळू "बरं"सुद्धा कमी झालं. मला वाटलं, वय झालं, थकली असेल. थकलेली तर मीही होते, शांतता मला चालत होती.

मागच्या आठवड्यात शेजारची जिन्यात भेटली आणि आईला आता कसं वाटतंय म्हणाली. नळाला पाणी यायच्या दिवशी टाकीपाशी आईला चक्कर आली होती, शेजारणीनं धरून बसवलं होतं. मला माहीत नव्हतं. घरात आले तर आई मेथी निवडत होती. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"तू विचारलं असतंस, कधी आली, किती वेळ होती, आधी काय खाल्लं होतंस. मला नुसतं चक्कर आली म्हणायचं होतं."

मी तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळी बदलून दिली. तिथं सगळं मीच सांगितलं, ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. रिक्षात मला तुमची आठवण आली. तुम्ही असतात तर चक्कर आल्याबरोबर तिनं हाक मारली असती, आणि चहाची वेळ टळली म्हणून आली, असं तुम्ही छातीठोकपणे सांगितलं असतंत. ते चूक असतं. पण तुम्हाला कळलं असतं. मला बरोबर काय ते सगळं कळतं आणि घरातलं काहीच कळत नाही. की तुम्ही गेल्यामुळं मी तुम्हाला जास्त गोड करते आहे? तुमच्या बोलण्यानं तीही कधी कधी बेजार व्हायची, "जरा गप बसा हो" म्हणायची. हेही लिहून ठेवायला हवं.

आज दुपारी सामना होता. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. बराच वेळ समालोचकच बोलत होते. मग मी, मनात वाक्य जुळवून, म्हणाले की दाढीवाले गोलंदाज नो-बॉल जास्त टाकतात.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "काहीही. मागच्या सामन्यात त्या पोरानं किती टाकले, त्याला कुठं दाढी होती?"

मी म्हणाले, त्याला येणार असेल.

"तुझ्या बापावर गेलीस," ती म्हणाली, आणि मग बोलत राहिली. कुठल्या खेळाडूची बायको चांगली आहे, समालोचकांना पाणी कोण देतं, हल्लीच्या बातम्यांत माणसं एकमेकांचं ऐकत का नाहीत. मी फोन पालथा ठेवला होता. त्या बोलण्यातच, षटक संपलं तेव्हा, टीव्हीकडं बघतच ती म्हणाली की काल सकाळी पुन्हा थोडं गरगरलं.

किती वाजता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "उन्हानं असंल."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

उन्हाचा काही संबंध नाही, नाना. काल सकाळी आभाळ भरलेलं होतं. उद्या सुट्टी टाकून मी तिला पुन्हा डॉक्टरांकडं नेणार आहे, आणि तिथं तिलाच बोलू देईन असं ठरवलं आहे, जमेल की नाही माहीत नाही. पण ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं. ते खोटं आहे हे माहीत असूनही वाटलं, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.