फळ्यांखालचा आवाज

हेरेस, १२ एप्रिल

प्रिय रेमे,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे निदान तेवढ्यावर वाद नको.

१. चौदा मार्चला, तुझ्या नव्या फ्लामेंको नाचाच्या प्रयोगात, तू नव्वद सेकंद पाय न वाजवता नाचायचं, मग दिवा विझायचा आणि अंधार झाल्यावरच बाबांनी गायचं, असं ठरलं होतं.
२. एकसष्टाव्या सेकंदाला बाबा गायला लागले. दिवा चालू होता.
३. तू थांबलीस आणि आत निघून गेलीस. लोकांना ते बसवलेलंच वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.
४. मेकअपच्या खोलीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा, तुम्हाला नुसतं गप्प बसणंही जमत नाही का?" बाबा म्हणाले, "चुकलं माझं."
५. त्यानंतर बाबा गायलेले नाहीत.

आता सहावं. शांततेत तुला पायांची खसखसही नको होती, म्हणून त्या नव्वद सेकंदांत मी रंगमंचाच्या फळ्यांखालचे चारही माइक सभागृहासाठी बंद ठेवले होते. पण रेकॉर्डिंग चालू होतं. ते मी कधीच बंद करत नाही. साठाव्या सेकंदाला तिसऱ्या माइकवर तुझी डावी टाच आहे. तीन ठोके, शेवटचा जरा दाबून. इतके हलके, की पहिल्या रांगेतही पोचले नसतील. बाबा तुझ्यापासून चार पावलांवर बसले होते. ते ठोके कोणते, हे तुला सांगायला नको. सहा वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या फरशीवर तू तेच वाजवायचीस आणि बाबा चणे निवडता निवडता गायला लागायचे. नाचणारीने पायाने हाक मारली की गाणाऱ्याने तिला ताटकळत ठेवायचं नाही, ही आपल्या घरात जेवणाआधी हात धुण्यासारखी सवय. तू हाक मारलीस, त्यांनी ओ दिली. तुला ते कळलंही नाही, कारण तुझं लक्ष दिव्याकडे होतं. मी हे अकरा वेळा ऐकलं आहे.

तुझा नवा नाच खोटा आहे, असं मला म्हणायचं नाही. ते साठ सेकंद चांगले होते. मी आवाजाच्या कन्सोलवर श्वास रोखून बसले होते, आणि मी तसं सहसा करत नाही.

इकडचं सांगते. बाबा सकाळी तेल लावलेला पाव खातात, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतात आणि संध्याकाळी गाण्याच्या मंडळात जायची वेळ झाली की झोप आल्याचं सांगतात. मंडळात बाबांना टाळ्यांची साथ देणारे फर्मीनकाका दोनदा बोलवायला आले. म्हणाले, "पोरगी इतकी नवी झाली, की तिला जुना बाप दिसेना. म्हणून काय तू घरात बसणार?" बाबा म्हणाले, "तू तुझ्या टाळ्या सांभाळ. बारा मात्रांतली एक हल्ली खातोस." काका हसले. बाबा हसले नाहीत. काका गेल्यावर मला म्हणाले, "मी पाय ऐकले होते, मिला. स्पष्ट. पण तिच्या मते मी उगाच गायलो, म्हणजे ते नव्हतेच. न पडलेले पाय ऐकू यायला लागले, की माणसाने गायकाची खुर्ची सोडावी." मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. त्यावर बाबांचं म्हणणं, "त्या डॉक्टरला यंत्रातली शिट्टी कळते. पाय कुठे कळतात?"

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, रेकॉर्डिंगमध्ये काही आहे का. मी म्हटलं, काही नाही. फ्रान्समधले तुझे प्रयोग ठरले होते, आणि सगळ्या वर्तमानपत्रांत त्या शांततेबद्दलच लिहून आलं होतं. शिवाय लहानपणापासून तुम्ही दोघं पायाने आणि गळ्याने बोलत आलात, आणि मी बाजूला केबल गुंडाळत आले. मधे बोलायची मला सवय नाही. ही माझी चूक. ती तुझ्या चुकीपेक्षा मोठी आहे, कारण मला माहीत होतं.

पत्र लिहायचं कारण असं. रविवारी, सव्वीस तारखेला, मंडळात बाबांची खुर्ची दुसऱ्या गायकाला देणार आहेत. बाबांनीच तसं सांगितलं आहे. काल मी त्यांना अखेर ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले आणि म्हणाले, "यंत्रात काहीही भरता येतं, पोरी. मला बरं वाटावं म्हणून केलंस, कळलं मला." एकदा 'काही नाही' म्हणणारीवर त्यांनी दुसऱ्यांदा विश्वास का ठेवावा? माझा पुरावा आता निरुपयोगी आहे. त्यांना फक्त तुझे पाय पटतील. म्हणून रविवारी ये. माफी नको, भाषण नको. खुर्ची देण्याआधी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहा आणि डाव्या टाचेने ते तीन ठोके दे, तितकेच हलके. ते ओ देतील किंवा देणार नाहीत. मंडळात फरशी आहे, तिच्यावर इतके हलके ठोके उमटणार नाहीत; फळ्या टाकायला मला दोन दिवस लागतात. येणार की नाही, ते बुधवारी, बावीस तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
मिला