तुझ्या गावचं जेवण

आई, सावंतवाडीला तळ्यामागच्या गल्लीत उडपीकडच्या एका नवराबायकोने जेवणघर काढलं होतं. तिथे आपण जेवलो त्या दुपारबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तू असताना धीर झाला नाही. आता तर माझं वय तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाच्या किती पुढे गेलंय.

माझ्या तान्ह्या भावाला आजीकडे ठेवून, माझ्या शाळेच्या कामासाठी बाबांनी आपल्याला कट्टा गावाहून आणलं होतं. काम आटोपलं तसे ते म्हणाले, "चल गो, आज तुका तुझ्या गावचा जेवण घालतंय." किती खुशीत होते! मंगळूरला कौलांच्या कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी तुझ्याशी लग्न केलं आणि तुला इकडे घेऊन आले, त्यानंतर तू माहेरी गेलीच नव्हतीस. घरात आजीच्या हातचं तेवढंच चालायचं. तू घावणे, माशांचं तिखलं, सगळं तिच्यासारखं करायला शिकलीस. तुझं म्हणून काही केलेलं मला आठवत नाही.

त्या बाई स्वतः वाढत होत्या. केळीच्या पानावर फणसाच्या पानांच्या द्रोणातच उकडलेल्या इडल्या, उकड्या तांदळाचा भात, ब्राह्मीचा पाला ताकात वाटून केलेली गार तंबळी. तंबळीचा पहिला घास घेऊन तू डोळे मिटतेस आणि मग बाईंना तुमच्या तुळू भाषेत काहीतरी विचारतेस. तुझा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकते आहे. भरभर, थोडा वरच्या पट्टीतला, एखाद्या मुलीचा असावा तसा. तू हसतेस. बाबा तर असे बघताहेत, जणू हे सगळं त्यांनीच रांधलंय. बाईंचं माहेर तुझ्या गावाच्या नदीपलीकडचं निघालं. गावाची, माणसांची नावं निघाली, तुझ्या आईचंही निघालं, आणि मधेच बाईंनी पळी खाली ठेवून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तुझा हात भातातच राहिला.

तू बाबांकडे वळलीस. "माझी आवस गेली. गेल्या पावसात. तुमका म्हायत होता?"

बाबांनी मान खाली घातली. "तुझ्या भावान निरोप धाडलेलो. तुझे दिवस भरत इलेले गो. तशात कसा सांगू?"

"आणि मगे? झील झालो, रांगाक लागलो. मगे?"

"मगे सांगूक जमूकच नाय."

तू पान स्वच्छ करून उठलीस, शीतही टाकलं नाहीस, आणि बाईंच्या मागोमाग आत गेलीस. आतून तुझं रडणं ऐकू यायला लागलं, तेही तुळूत. बाबा दारापर्यंत जायचे आणि परत येऊन माझ्याजवळ बसायचे. संध्याकाळची मोटार निघायच्या बेताला तू चेहरा धुऊन बाहेर आलीस आणि नुसतं "चला" म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता तू फणसाची पानं काढलीस, द्रोण टोचलेस, इडल्या उकडून बाबांपुढे ठेवल्यास. आजी काही बोलू पाहत होती, पण तुझा चेहरा बघून मागे फिरली. बाबांनी मान वर न करता खाल्लं. मला वाटलं, आता मिटलं. तू भांडली नाहीस, अबोला धरला नाहीस, त्यांचं सगळं करत राहिलीस. फक्त त्यानंतर स्वतःचं असं काही त्यांना सांगितलं नाहीस.

हे आम्हाला कळलं ते तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा. डॉक्टर म्हणाले, पोटातलं हे दुखणं फार जुनं आहे, इतके दिवस यांनी सोसलं कसं? बाबा तुझ्या उशाशी बसून पुन्हापुन्हा विचारत होते, "माका कित्याक सांगूक नाय गो?" तू भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. चढणीच्या वळणावर गाडी चढत नाही म्हणून उतरून चालताना तू पोट धरून उभी राहायचीस, ते मी पाहिलं होतं. "चमक भरली," म्हणायचीस, आणि मला ते खरं वाटायचं.

त्याच दुखण्यात तू गेलीस. ते लपवून तू बाबांना शिक्षा केलीस, असं लोक म्हणाले नाहीत, पण बाबांना तसंच वाटलं. शेवटपर्यंत वाटत राहिलं. मला ते समजतं. त्यांचं चुकलंच होतं. पण मी तर त्या दुपारी तुझ्या शेजारी बसले होते, आई. मी काय केलं होतं, की मलाही सांगितलं नाहीस?

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत म्हणूनच लिहिते. बाबांना मी कधीच माफ करून टाकलं. राग आहे तो तुझ्यावर.