तडकलेल्या पुंगळ्या

सेजहेन क्रीक, मोंटाना
२४ ऑक्टोबर १९८४

चि. मेरिल यास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला तुझ्या मुलाने भाग पाडलं. काल सकाळी रॉस पाना घेऊन माझ्या शेडमध्ये आला आणि एक शब्द न विचारता बाबांचा काडतुसं भरायचा प्रेस टेबलावरून सोडवायला लागला. म्हणाला, डॅडींचा फोन होता, आत्याने हे काम आता बंद करायचं. मी त्याला बाहेर काढलं आणि मग कॉफी दिली. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलत सुटतोस, म्हणून लिहिते.

काय झालं ते माझ्याकडूनही ऐक. शिकारीचा हंगाम उघडला त्या रविवारी रॉसने मी भरलेल्या काडतुसाने एल्क हरणाच्या एका मोठ्या नरावर गोळी झाडली. काडतुसाची पितळी पुंगळी मानेशी फाटली, काजळी मागे उडाली, त्याच्या गालावर ठिपके उठले आणि एल्क रमतगमत टेकडीपलीकडे निघून गेला. डोळे शाबूत आहेत, देवाची कृपा. त्या मांसावर त्याच्या घरचा हिवाळा निघायचा होता, तेव्हा पोरगा चिडला हे मी समजू शकते. पण आता खोऱ्यातल्या घराघरात बोललं जातंय की व्हर्ना टॉलेफसन म्हातारी झाली, तिला दिसत नाही, पुंगळ्या ओशट ठेवते. हे मी ऐकून घेणार नाही.

मी काम कसं करते ते तू विसरला असशील. झाडलेल्या पितळी पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुश्यात घालून पिंपात फिरवते. चाळते. एकेक पुंगळी उजेडाकडे धरून बघते. मग त्यांना लॅनोलिन लावते. मेंढ्यांच्या लोकरीचा हा मेणचटपणा तुझ्यामाझ्या हातांना जन्मापासून ठाऊक आहे. बोट ओलं वाटता कामा नये, नुसतं निसरडं वाटलं पाहिजे. कमी लावलं तर पुंगळी आकारात आणायच्या साच्यात अडकून बसते, जास्त लावलं तर तिच्या मानेखालच्या खांद्याला खळगा पडतो. साच्यातून मूळ आकारात आली की अल्कोहोलच्या फडक्याने पुन्हा लख्ख पुसायची, आणि त्यानंतरच बंदुकीच्या दारूला हात लावायचा. बाबांनी हे असंच शिकवलं आणि मी त्यात आजवर सूट घेतलेली नाही.

रॉसच्या डब्यात उरलेली सगळी काडतुसं मी भिंगाखाली पाहिली. एकाही खांद्याला खळगा नाही, कुठे ओशट बोट उमटलेलं नाही. पण निम्म्याहून जास्त माना उभ्या तडकल्या आहेत, आणि ही काडतुसं रायफलमध्ये गेलेलीच नाहीत! न झाडता, डब्यात बसल्या बसल्या तडकली. का, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेल. तोवर एवढं कर. गेल्या ख्रिसमसला तुला पाठवलेला डबा त्याच खेपेचा आहे. तो उघड, माना बघ आणि खरं काय ते कळव.

प्रेस मी देत नाही.

डॉरिसला माझी आठवण सांग. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर पुन्हा भर.
तुझी,
व्हर्नाताई


बिलिंग्ज
२९ ऑक्टोबर १९८४

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच डॉरिस म्हणाली की उघडण्याआधी डोक्याला काहीतरी घाला.

तुझा डबा पाहिला. माना ठणठणीत आहेत. पण ताई, त्याने काय सिद्ध होतं? एकाच तव्यावरचे काही पॅनकेक करपतात, काही नाही करपत. इथल्या बंदुकीच्या दुकानातला माणूस म्हणतो की पुंगळीवर ओशटपणा राहिला की असले घोटाळे होतात, आणि वय झालं की माणसाला आपलं बोट किती ओशट आहे ते कळत नाही. हे मी त्याचं वाक्य सांगतोय, माझं नाही. माझ्यावर ओरडू नकोस. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकतोय.

रॉसवरही रागावू नकोस. तो तुझ्या वस्तूंना जपतो. जूनमध्ये त्याला तुझ्या शेडमधली फळी स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावरच्या गाडीच्या, सामानासाठी हवी होती, तर त्याने आपल्या वाटणीचे डबे कुठेतरी फेकले नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात चांगली नवी फळी ठोकून त्यावर ठेवले. ती सूचना माझी. कोंबड्यांच्या अंगाची ऊब असते, ओल धरत नाही. आता यात निष्काळजीपणा कुठे दिसतो, सांग.

प्रेस बाबांनी आपल्या दोघांना ठेवला होता. अर्धा प्रेस चालत नाही, म्हणून तो रॉसकडे जाऊ दे. आणि मला दोन ओळी लिहून दे की यापुढे तू काडतुसं भरणार नाहीस. पोराच्या गालाचं ऐकल्यापासून डॉरिसला झोप नाही. तू अडुसष्टची झालीस, ताई. लोकरीचे मोजे विण, सगळे कौतुक करतील.

रागातही आशीर्वाद देतेस तसाच याही खेपेला दे.
तुझा,
मेरिल


सेजहेन क्रीक
५ नोव्हेंबर १९८४

चि. मेरिल यास,
अ. आ., मागितलास म्हणून.

खुराडं! रॉसने मला सांगितलं होतं की डबे फळीवर आहेत. कुठल्या फळीवर हे मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. ते सांगायला तू भेटलास, तेही अभिमानाने.

मी बोझमनच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते तेव्हा तू खारींमागे पळत होतास, म्हणून सोपं करून लिहिते. कोंबड्यांच्या शिटेतून अमोनिया सुटतो. तुझ्या सुनेला, जोलीनला विचार, अंडी काढताना तिचे डोळे चुरचुरतात. ताणलेल्या पितळेला तो अमोनिया लागला की पितळ तडकतं. काडतुसात गोळी पुंगळीच्या मानेत आवळून बसवलेली असते, म्हणजे ताण मानेवर, म्हणून तडा तिथेच जातो. यात नवीन काही नाही. हिंदुस्थानात घोडदळाच्या तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, हे आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. घोड्याच्या जागी तू कोंबडी आणलीस, एवढाच तुझा शोध.

शब्दावर विश्वास नको ठेवूस. मी रॉस आणि जोलीनला बोलावून स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन बरण्या मांडल्या. प्रत्येकीत एक बिनदारूचं काडतूस टांगलं, नुसती पुंगळी आणि गोळी, दोन्ही माझ्या हातची, दोन्ही त्याच खेपेतली. एका बरणीच्या तळाशी फरशी पुसायचा अमोनिया ओतला, दुसरी कोरडी ठेवली. परवा झाकणं उघडली. अमोनियातल्या काडतुसाची मान रॉसच्या काडतुसांसारखीच उभी तडकली होती. कोरड्या बरणीतलं जसंच्या तसं. रॉसने दोन्ही काडतुसं भिंगाखाली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला की फळी त्याने फार मजबूत ठोकली होती. जोलीन म्हणाली की फळीचं कौतुक नंतर, आधी आत्याची माफी माग, नाहीतर आजपासून तुझं ताट त्याच फळीवर वाढते. त्याने मागितली. तोंडातल्या तोंडात, पण मागितली, आणि मला ती पुरते.

राहिलास तू. ज्या दुकानदाराने माझ्या बोटांबद्दल मत दिलं त्याला हे पत्र वाचून दाखव. त्याने माझी बोटं पाहिलेली नाहीत, पुंगळ्याही पाहिलेल्या नाहीत. तू दोन्ही पाहिलं आहेस. साठीला आलेला माणूस असून बहिणीपेक्षा अनोळखी माणसाचं बोलणं तुला खरं वाटलं, हे मला गालावरच्या ठिपक्यांहून जास्त लागलं.

वचन लिहून देणार नाही. मोजे मी विणते, ते काडतुसं भरून उरलेल्या वेळात.

डॉरिसला झोप लागावी म्हणून हे पत्र तिलाच आधी वाचायला दे.
तुझ्यावर आजही माया असलेली,
व्हर्नाताई


बिलिंग्ज
१० नोव्हेंबर १९८४

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

डॉरिसने वाचलं. मग मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

फळीची चूक माझी. ती काढून टाकायला रॉसला सांगितलं आहे. दुकानदाराकडे काही गेलो नाही, त्याबद्दल माफ कर.

तरीही मी बोललो त्यावरून मागे फिरत नाही. या खेपेला खुराडं होतं, पुढल्या खेपेला तुझे डोळे असतील. आपल्या घरातल्या कुणीतरी हे तुला सांगायलाच हवं, आणि मी ते सांगतोय. प्रेसमधला माझा हिस्सा मला हवा आहे. रॉस शनिवारी सतरा तारखेला येईल. त्याच्याबरोबर ते वचनही पाठव. हट्ट करू नकोस.

माझ्यावर रुसलीस तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा,
मेरिल


सेजहेन क्रीक
१८ नोव्हेंबर १९८४

चि. मेरिल यास,
अ. उ. आ.

हिस्सा मागितलास, तो तुझा हक्क आहे. बाबांचा प्रेस दिला. ज्या प्रेससाठी भावाशी कज्जा करावा लागतो तो मला माझ्या टेबलावर नको. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी दुसरा, साच्यासकट, आणला आणि शुक्रवारीच त्याच जागी पक्का केला. नवा आहे, दांडा कडक आहे, सवय होईल.

गुरुवारी जोलीनने नाल्याच्या वरच्या अंगाला एल्कची मादी मारली. एका गोळीत. काडतूस माझं होतं, याच महिन्यात भरलेलं, तिने स्वतः येऊन मागितलेलं. मांस ओढून आणता आणता तुझ्या मुलाची कंबर धरली आहे, आणि आत्या, तुमची काडतुसं फार नेम धरतात, अशी तक्रार तो करत होता. शेजारचे हॅलीडे बापलेकही काल भरायला पुंगळ्यांची पिशवी ठेवून गेले. माझे डोळे जातील तेव्हा ते मला सगळ्यांत आधी कळेल, आणि मी तुला कळवीन. तुझ्याकडून कळण्याची वाट बघणार नाही.

ख्रिसमसला या. मांस भरपूर आहे, आणि मी भांडण टेबलावर आणणार नाही.
माया आहे, ती हट्टासकट स्वीकार.
व्हर्नाताई

सोबत: शनिवारी रॉसच्या हाती दिलेल्या वस्तूंची नोंद. त्याने वाचून सही केली आहे.

बाबांचा प्रेस, बोल्टांसह. सांध्यांना तेल दिलेलं.
पुंगळ्या आकारात आणायचा साचा, बाबांचाच.
लॅनोलिन, जॅमची बाटली भरून. ते न लावता दांडा ओढला तर पहिलीच पुंगळी अडकेल, हे तोंडी सांगितलं.
धुतलेली सुती फडकी. लावलेलं पुसायचं असतं, हेही सांगितलं.
तडकलेल्या पुंगळ्यांची थैली. गोळ्या आणि दारू काढून, हातोडीने चेचून, भंगारात द्यायला.
यापुढे काडतुसं न भरण्याचं लेखी वचन: मागितलं होतं. दिलं नाही.